मेंढपाळाचा चेहरा

स्वतः शांतपणे जगून दुसऱ्याची झोप उडवणारा माझ्या गुरुबंधूसारखा माणूस अख्ख्या कारंजा गावात सापडणार नाही. आम्ही दोघं एकाच उस्तादाकडे पाट्या रंगवायला शिकलो. माझी रेघ त्याच्यापेक्षा सरळ, हे उस्ताद स्वतः म्हणत. तरी लोक पाटी म्हटली की त्याच्याच दारात जाणार. काय जादू होती देव जाणे, आणि त्याचा देव तर नक्कीच जाणत असावा, कारण हा ख्रिस्ती गडी ब्रश बुडवण्याआधी डोळे मिटून त्याच्याशी मनसोक्त बोलत असे. एकदा शेलूबाजारच्या एका अडत्यानं मुहूर्तावर पाटीचं पहिलं अक्षर काढायला त्याला बोलावलं. यानं डोळे मिटले. दुकानासाठी मागितलं, मग हमालांच्या पाठींसाठी, मग शेठजींच्या गुडघ्यासाठी. मुहूर्त गेला निघून. मी असतो तर मला हाकललं असतं. शेठजी मात्र डोळे पुसत म्हणाले, "पेंटरभाऊ, ते गुडघ्याचं अजून एकदा म्हना." आता याला काय म्हणावं?

फ्लेक्स आले तेव्हा मी मुकाट्यानं मशीन घेतली. हा हातानंच रंगवत राहिला. "अबे, उपाशी मरशील," मी म्हटलं. तर म्हणतो, "देवानं मले हात देले, तुले मशीन देली. दोघायचंबी चालून राह्यलं ना?" चालत होतं, हीच तर माझी तक्रार. संध्याकाळी तो त्यांच्या छोट्या चर्चच्या भिंतीवर मेंढपाळ येशू रंगवायचा. मेंढ्या आपल्याकडच्या धनगरांच्या, मागं तुरीचं शेत. सगळं जमलं होतं, चेहरा तेवढा त्याला पसंत पडेना. दर ईस्टरच्या आधी चेहऱ्यावर चुना, आणि पुन्हा पहिल्यापासून. इतका चुना मी माझ्या घरालाही लावलेला नाही. एकाच कामात माणसाला इतका जीव ओतता येतो, याचाच मला जळफळाट व्हायचा. माझी इच्छा एकच होती, त्याला एकदा तरी माझा हेवा वाटावा.

गेल्या वर्षी त्याला अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला, आणि भिंतीवरचा चेहरा तेव्हा चुन्याखाली होता. ईस्टर तोंडावर आला तसे चर्चचे पाळकसाहेब, चेहरा तेवढा काढून द्या म्हणत माझ्याकडे आले. मी कसला नाही म्हणतो! होती नव्हती ती सगळी कला पणाला लावली. असा चेहरा उतरला की मीच बघत राहिलो. मग त्याला ऑटोतून आणलं. मी बाजूला उभा राहून त्याचं तोंड न्याहाळत होतो. कपाळाला एखादी आठी तरी पडेल, ओठ तरी जरासा मुडपेल. तो बराच वेळ बघत बसला. मग डाव्या हातानं माझं मनगट धरून म्हणाला, "मले हाच पायजे होता. म्या उगाच देवाले तरास देला. त्याले तुलेच पाठवाचं होतं." आणि जो येईल त्याला सांगत सुटला, माह्या भावानं काढला म्हणून. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेवा नव्हता. मी नीट शोधला.

हल्ली तो डाव्या हातानं जुन्या पत्र्यावर अक्षरं गिरवतो. क काढायला घेतला की त्याचं भलतंच काहीतरी होतं, आणि तो हसतो, पुसतो, परत काढतो. मी दुकान लवकर बंद करून जातो. पत्रा हलू नये म्हणून धडधाकट दोन्ही हातांनी धरून बसतो, त्याच्या त्या वाकड्या अक्षरांकडे बघतो, आणि अजूनही जळतो.