तबकडीतला घुमणारा माणूस

माझा धाकटा दीर, भाऊ, अमेरिकेतून परत आला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत काय काय निघतं ते बघायला अर्धं म्हसावद गाव आमच्या ओसरीवर जमलं होतं. कपाशीवरच्या किडींचा अभ्यास करायला तो दीड वर्ष तिकडे राहिला होता. आमच्या भागातून इतक्या लांब गेलेला तोच पहिला. सासऱ्यांसाठी त्याने जाड लोकरीचा कोट आणला होता, जो आमच्याकडच्या थंडीत कुणाला घालता आला नसता. सासूबाईंना एक कात्री, मला फाउंटन पेन. सगळ्यात खाली, सदऱ्यांमध्ये गुंडाळलेली, तबकड्या वाजवणारी, सेलवर चालणारी एक पेटी होती आणि एक तबकडी.

एकच का आणली, असं मी विचारलं. तो म्हणाला की ज्या खोलीत तो भाड्याने राहायचा तिच्या भिंतीपलीकडे एक म्हातारा राहत होता. पोस्टातून निवृत्त झालेला, एकटा. हिवाळाभर तो रोज ही एकच तबकडी लावायचा. पहिला महिना याला भीती वाटली. दुसऱ्या महिन्यात हा तिची वाट बघू लागला. निघताना निरोप घ्यायला गेला, तर म्हाताऱ्याने तबकडी याच्या हातात ठेवली आणि सांगितलं की मला ती आता पाठ झाली आहे.

वेष्टनावर धुक्यातला रस्ता होता, माणूस एकही नाही. मागच्या बाजूला एक लहान फोटो होता. त्यात एक काळासावळा माणूस आपल्याहून उंच, सारंगीसारख्या उभ्या वाद्याला बिलगून, लाकडावर हनुवटी टेकून, डोळे मिटून उभा होता. भाऊने सांगितलं की सगळ्या चाली याच्याच, पण वाजवताना हा मागे उभा राहतो आणि पुढे दुसऱ्यांना वाजवू देतो. या संगीताला जॅझ म्हणतात. सासूबाईंच्या तोंडात तो शब्द ‘जाच’ असा बसला, आणि शेवटपर्यंत आमच्या घरात तेच नाव राहिलं.

पहिल्यांदा तो जाच लागला तो फाल्गुनातल्या एका दुपारी. ऊन इतकं होतं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. माझं माहेर अमळनेरचं. आमच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता, त्यावर नाट्यपदं आणि भजनं मी पुष्कळ ऐकली होती. हे त्यातलं काही नव्हतं. आधी नुसती खरखर. मग रिकाम्या कणगीवर कुणी तळहात मारावा तसा एक आवाज, मग थांबून दुसरा. मागे कुणीतरी सुपात धान्य पाखडावं तशी सळसळ. फार वेळाने लांबून एक पितळी वाद्य बोललं, ओल्या फडक्यातून बोलल्यासारखं. चाल पुढे जात होती की जागच्या जागी फिरत होती, मला कळेना. माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तरी ते थांबू नये असं वाटत होतं.

पेटी लाकडी बाकावर ठेवलेली होती. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला माझे सासरे बसले होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. सात वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले होते. त्यांच्याशी आम्ही हातवाऱ्यांनी बोलत असू. त्यांनी एकदम मान वर केली, आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, “घरमा कोण चाली ऱ्हायनं?”

आम्ही सगळे दाराकडे बघू लागलो. आत कुणी नव्हतं. बाकाच्या फळीतून ते खालचे सूर त्यांच्या मांड्यांना लागत होते, हे भाऊच्या लक्षात आलं. त्याने त्यांचा हात धरून पेटीवर ठेवला. आबांनी हात काढून घेतला नाही.

दुसरी बाजू लावल्यावर मला आणखी काहीतरी ऐकू आलं. त्या कणगीसारख्या आवाजाच्या खाली एक माणूस घुमत होता. अंगात आलेला माणूस सुरुवातीला तोंड मिटून घुमतो, अगदी तसा. मधेच शब्द फुटल्यासारखा वाटे, पण तो धरता येत नसे. मी भाऊकडे पाहिलं. तो हसला आणि हळूच म्हणाला, “तो वाजवणाराच आहे, वहिनी. वाजवता वाजवता घुमतो. आपण घुमतोय हे त्याला माहीतही नसतं.”

हे त्याने मला एकटीला सांगितलं. सासूबाई तेव्हा अंगणात वाळवण आवरत होत्या.

पुढच्या पावसाळ्यात भाऊला कावीळ झाली. गावातलं औषध झालं, शहाद्याच्या डॉक्टरांचं झालं. अठराव्या दिवशी तो गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या लग्नासाठी प्रकाशा गावाकडची एक मुलगी आम्ही बघून ठेवली होती, ते बोलणं तिथेच राहिलं.

वर्षभर पेटी कपाटात होती. वर्षश्राद्ध झालं, पाहुणे गेले, आणि दोन दिवसांनी दुपारी सासूबाई माझ्यापाशी येऊन म्हणाल्या की जाच लाव. मला नवल वाटलं, कारण त्यांनी तोपर्यंत ती तबकडी कधी बसून ऐकलीच नव्हती. मी शहाद्याहून सेल मागवले. पहिली बाजू त्यांनी गुडघ्याला मिठी मारून ऐकली. दुसरी बाजू सुरू झाली, घुमणं आलं, आणि त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी टिचली.

“हाऊ मन्हा पोऱ्या शे,” त्या म्हणाल्या.

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. त्या रडत नव्हत्या, उलट वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल पडला होता. भाऊ हिशेबाच्या वहीत किडींची चित्रं काढत बसे तेव्हा असाच तोंड मिटून गुणगुणे, हे खरंच होतं. आवाजही, मन घट्ट करून ऐकला नाही तर, त्याच्यासारखाच वाटे. मी स्वतःला सांगितलं की एखादा दिवस त्यांना ऐकू द्यावं. तो एखादा दिवस साडेतीन वर्षं चालला.

जेवणं आटोपली, भांडी झाली, की दुपारी तीनच्या सुमाराला जाच लागे. हळूहळू गल्लीतल्या दोघी-तिघी येऊ लागल्या. एक विधवा कासारीण होती, एक शाळेतल्या गुरुजींची बायको. सुरुवातीला त्या सासूबाईंसाठी आल्या असतील. नंतर त्यांना तबकडीशिवाय करमेना. गुरुजींची बायको सांगायची की पाणी शेंदताना पितळी वाद्याचा तुकडा आपोआप तिच्या तोंडात येतो. कासारीण पहिल्या बाजूचा शेवट आला की डोळे मिटायची. त्या ठिकाणी तिला तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या भट्टीतला भाता ऐकू यायचा. कुणी कुणाला हसत नसे. सेल उतरत आले की तबकडी मंद फिरे. मग घुमणं आणखी खोल जाई, जमिनीखालून आल्यासारखं, आणि आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळत असू. तरी कुणी उठून जात नसे.

एकदा कापूस वेचायला मोलगीकडची माणसं आली होती. त्यातली एक पावरा आदिवासी बाई पाणी मागायला ओसरीवर आली आणि तांब्या हातात धरून उभीच राहिली. तिला आमची भाषा थोडीच येत होती. तबकडी संपल्यावर तिने मला विचारलं, “हाऊ माणूस कोणले बलाई ऱ्हायना?”

मी म्हटलं की कुणाला बोलावत नाही, नुसतं वाजवणं आहे. तिने मान हलवली. तिला ते पटलं नव्हतं. पाणी न पिताच ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, आणि वेचणी संपेपर्यंत रोज येत राहिली. प्रत्येक वेळी ती ओसरीच्या खालच्या पायरीवर, बाहेरच बसायची.

बाईच्या त्या प्रश्नाची गोष्ट गावात पसरली. चुलतसासूबाईंच्या कानावर गेली, तेव्हा त्या दोन दिवस राहायला आल्या. त्यांनी सासूबाईंना समजावलं की पोराचा जीव थाळीत अडकला आहे. तू रोज त्याला बोलावतेस, तो जाणार कसा? एका भगतालाही त्यांनी विचारून ठेवलं होतं. थाळी तापीत सोडायची, प्रकाशाला, येत्या अमावास्येला. सासूबाईंनी ऐकून घेतलं. संध्याकाळी मी कणीक मळत असताना त्या आल्या आणि म्हणाल्या की तबकडी लाल फडक्यात बांधून ठेव.

अमावास्येपर्यंतचे चार दिवस मी एकच विचार करत होते. खरं सांगितलं तर त्यांचा पोरगा त्यांच्यापासून दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं तर तबकडी जाणार. आणि मला हे कबूल करायला हवं की तबकडी जाण्याची भीती मला जास्त वाटत होती. त्या घरात दिवसभरात माझं असं काही होतं तर ते एवढंच होतं. मी खरं बोलणार ते सासूबाईंसाठी की स्वतःसाठी, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही.

अमावास्येच्या आदल्या दुपारी मी फडकं सोडलं, वेष्टन उलटं केलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. मागचा फोटो दाखवला. हा माणूस वाजवताना घुमतो, भाऊनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी इतकी वर्षं तुमच्यापासून लपवलं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. मान वर करून बघायची मला हिंमत होत नव्हती.

 सासूबाईंनी वेष्टन डोळ्यांजवळ नेऊन फोटो पाहिला. लाकडावर टेकलेली त्याची हनुवटी त्यांनी बोटाने पुसली, धूळ असावी तशी.

“त्यानी माय जित्ती शे का?” त्यांनी विचारलं.

मला माहीत नाही, मी म्हटलं.

“ती बी आयकत व्हई,” त्या म्हणाल्या, आणि तबकडी लावायला सांगितली.

माझ्याशी त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी, मी पेटी उघडत असताना, एवढंच म्हणाल्या की आधी सांगायला पाहिजे होतंस. तापीवर कुणी गेलं नाही. चुलतसासूबाई रुसल्या त्या रुसल्याच. जाच पूर्वीसारखाच रोज लागत राहिला. फरक इतकाच झाला की घुमणं आलं की सासूबाई आता भाऊचं नाव घेत नसत. त्या फोटोतल्या माणसाबद्दल विचारत. तो जेवतो काय, त्याचं लग्न झालं असेल का, इतकं मोठं वाद्य घेऊन तो प्रवास कसा करत असेल.

त्यानंतरच्या वैशाखात माझ्या हातून चूक झाली. एका दुपारी माझ्या तान्ह्या मुलीला उलट्या होऊ लागल्या म्हणून मी धावले आणि तबकडी पेटीवर तशीच राहिली. पत्र्याच्या फटीतून आलेलं ऊन तिच्यावर आलं. परत आले तोवर ती पापडासारखी वाकली होती. सुई ठेवली की उडायची. मी पाटाखाली दाबून पाहिली, पिठाच्या डब्याखाली ठेवली. काही उपयोग झाला नाही. घरात कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि ते मला फार जड गेलं.

मुंबईला नोकरी करणाऱ्या माझ्या सख्ख्या भावाला मी पत्र लिहिलं. दीर भाऊने शिकवलेली इंग्रजी अक्षरं वेष्टनावरून जशीच्या तशी उतरवून पाठवली. दीड वर्षाने त्याला जुन्या बाजारात एक प्रत सापडली. तोच धुक्यातला रस्ता, मागे तोच माणूस. पार्सल आलं त्या दुपारी कासारीण आणि गुरुजींची बायको हातातली कामं टाकून आल्या. आबाही बाकावर येऊन बसले.

पहिली बाजू तीच होती, उलट जास्त स्वच्छ, कुठे खरखर नाही. मी दुसरी बाजू लावली. कणगी वाजली, सूप वाजलं. घुमणं यायची जागा आली. घुमणं आलं नाही.

मी कान पेटीला लावला. तारेवर बोट घसरल्याचासुद्धा आवाज येत होता, पण माणूस नव्हता. भावाने नंतर दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला की कधी कधी तीच चाल पुन्हा वाजवून छापतात, तसं झालं असेल, नक्की माहीत नाही. तसंच असेल. पण त्या दुपारी आम्हाला हे माहीत नव्हतं. गुरुजींच्या बायकोने पदर तोंडाला लावला. कासारीण माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी केलं होतं.

तेवढ्यात घुमणं ऐकू आलं. तोच सूर, त्याच ठिकाणी चढणारा आणि पडणारा. मला वाटलं माझेच कान वाजतायत. मग माझ्या लक्षात आलं की सासूबाईंचे ओठ मिटलेले आहेत आणि गळा हलतो आहे. डोळे उघडे होते, पण त्या कुणाकडे बघत नव्हत्या. त्यांचा आवाज तसा बारीक, पण हा बारीक नव्हता. तुकडा संपला तशा त्या थांबल्या. मी विचारलं की माय, तुम्ही हे कधी शिकलात. त्या म्हणाल्या, “काय?”

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. त्या दिवसानंतर त्यांना कुणी त्याबद्दल विचारलं नाही.

ही दुसरी तबकडी अजून चांगली आहे. मागच्या महिन्यात गुरुजींची बदली तळोद्याला झाली. त्यांच्या बायकोने जाण्यापूर्वी दोन दुपारी सलग ऐकून घेतलं, आणि एस.टी. येईपर्यंत ओसरीवर बसून राहिली. तिला काय द्यावं ते मला सुचेना. शेवटी मी वाकलेली जुनी तबकडी तिच्या पिशवीत ठेवली. ती वाजत नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.