मंजुळाबाईंनी लिहिलेली चिठ्ठी

बायकोला घेऊन आलेल्या पुरुषाला मंजुळाबाई बायकांच्याच बाकावर बसवत. "दुखणं दोघांचं आहे, बसा गुमान," म्हणत. अंबरनाथ पश्चिमेच्या लहानशा दवाखान्यात त्या ठाण्याहून नर्स म्हणून बदलून आल्या होत्या, आणि मी केसपेपर लिहीत असे. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. उल्हासनगरच्या छावणीतल्या सिंधी बायकाही त्यांच्याकडे येत. नवरा जवळ आला की अंग आखडतं, आग होते, नको नको होतं, हे बायका फक्त त्यांच्यापाशी बोलत. "बाई थंड नसते गं, भ्यालेली असते," असं त्या मला सांगत. कुणाची बाळंतपणातली जखम भरलेली नसे, कुणाचं लग्नच पोरवयात झालेलं असे, तर कुणाशी घरात दिवसभर कुणी गोड शब्द बोललेलं नसे.

एका दुपारी मोरिवलीचा एक माणूस बायकोला घेऊन आला. बाक भरलेला असतानाच मोठ्यानं म्हणाला, "पयली दगड व्हती, ही बी दगडच निंगाली. नांदायच्या कामाची नाय, अशी चिठी लिवून द्या. म्हायेरी धाडतो."

मी तिला नवऱ्याचं नाव विचारलं. नाव कसं घ्यायचं म्हणून तिनं मान खाली घातली. तेवढ्यात मंजुळाबाईच म्हणाल्या, "लिही. काशिनाथ धर्मा पाटील."

तो चपापला. "तुमी वलखता मना?"

"चौदाव्या वर्षी तुमच्या घरी आले. आठ महिने हे नाव तोंडी आणलं नाही. मग तुम्ही दगड म्हणून माहेरी धाडलंत. आज पहिल्यांदा घेतलं."

बाकावरच्या बायका खुदकन हसल्या. मलाही हसण्याच्या उकळ्या फुटत होत्या, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. असल्या माणसाची भर बाकावर शोभा व्हायलाच हवी होती.

मंजुळाबाईंनी त्या बाईला आत नेऊन नीट तपासलं, मग चिठ्ठी लिहिली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून मला म्हणाल्या, "वाच. खणखणीत." मी वाचलं, "बायकोत काही खोट नाही. पहिल्या बाळंतपणातली जखम चिघळली आहे. ती भरेपर्यंत आणि बायको स्वतः हो म्हणेपर्यंत नवऱ्यानं लांब राहावं."

पुढे तीन महिने दर बुधवारी तो तिला मलमपट्टीला आणत होता. सगळ्या मोरिवलीला चिठ्ठीतला शब्द न् शब्द पाठ झाला होता, त्यामुळे तिला माहेरी धाडायची त्याची छाती नव्हती. तो बाकावर खाली मान घालून बसे आणि ती आत मंजुळाबाईंशी हसत बोले.

एकदा मी न राहवून विचारलं, "बाई, वय वाढलं तरी चेहरा राहतोच ना? तो तुम्हांला विसरला कसा?"

त्या साबणानं हात धूत होत्या. म्हणाल्या, "विसरला नाही गं. कंदील विझवल्याशिवाय तो कधी जवळ आला नाही, आणि दिवसा माझ्याकडे बघितलं नाही. माझं तोंड त्याला माहीतच नव्हतं."