शेपूट गेलं कुठं?

प्रॅक्टिकल सुरू असतानाच शेवंताबाईंच्या लेकीचा, वैशालीचा, फोन आला. "मॅडम, आई गेली..." साकोलीच्या आमच्या कॉलेजात बाई प्रयोगशाळा सांभाळायच्या, मी तिथे प्राणिशास्त्र शिकवते. प्रश्न विचारायचं खातं मात्र बाईंनी स्वतःकडेच ठेवलं होतं.

एकदा त्यांनी धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्यातून शेपटीवाली बेडकाची पिल्लं बरणीत भरून आणली. "मॅडम, यायचं शेपूट जाते कुठं?" "गळून पडतं," मी घाईत ठोकून दिलं. बाई रोज बरणीला डोळे लावून बसायच्या. "बेंडूक तं झाला, पन तळाशी शेपूट नाही. मंग?" मला मुकाट्याने पुस्तक उघडावं लागलं. शेपटीच्या पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि त्यांच्यातलं उरलंसुरलं बाकीचं शरीर वापरून घेतं. त्या मरणाचा इशारा सोडतात तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. एरवी पेशीला ऊर्जा पुरवून जगवणाऱ्याही त्याच. बाई हरखून गेल्या. "जेवू घालनारीच जा म्हनते? कमालच हाय!"

मग बाईंनाच कर्करोग निघाला. कर्करोगाच्या पेशी मरायचं नाव घेत नाहीत, औषध तंतुकणिकांना तो इशारा सोडायला लावतं, हे मीच त्यांना समजावलं होतं. नागपूरहून रिपोर्ट आला, तो बाईंनी मलाच वाचायला दिला. औषध लागू पडलं नव्हतं. "माह्या पेशी ऐकून राहिल्या का?" बाईंनी विचारलं. "अजून काही सांगता येत नाही," मी म्हणाले. बाई माझ्याकडे बघत राहिल्या... "मॅडम, तवा माहीत नव्हतं तं सांगतलं. आता माहीत हाय तं लपवून राहिल्या?" मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "सुरतले फोन लावा. पोरीले म्हना, आजच नीघ." मायलेकींना अकरा दिवस मिळाले. मी तोंड शिवून बसले असते तर तेही गेले असते.

तेरावं झाल्यावर, परत सासरी जाण्याआधी, वैशाली प्रयोगशाळा बघायला आली. सूक्ष्मदर्शकाजवळ थबकली. "आईले यात काय दिसे, मॅडम?" मी काडीने तिच्या गालाच्या आतल्या पेशी खरवडून काचेवर घेतल्या, रंगाचा थेंब टाकला.

"ते बारीक ठिपके दिसतात ना, त्या तंतुकणिका. त्या आपल्याला फक्त आईकडून मिळतात."

तिने मान वर केली. "म्हंजे ह्या आईच्या?"

"हो."

तिने पुन्हा डोळा लावला... पुढची बॅच दाराशी येऊन उभी होती. मी त्यांना बाहेरच थांबवलं.