साहेबांच्या नोंदीला हात लावायचा नाही

आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या नळाला पाणी नसायचं, पण कुजबुजीचा पुरवठा अखंड. त्यातली सर्वात चविष्ट कुजबुज अशी, की क्वेरीबाईंनी सूड म्हणून साहेबांची जन्मतारीखच फिरवली आणि त्यांना आठ महिने आधी घरी बसवलं.

क्वेरी म्हणजे संगणकाला दिलेला हुकूम. तो लिहिणारी ती क्वेरीबाई. हसतमुख बाई, पण डूख धरावा तर तिनेच. साहेब पूर्वी शेजारच्या टेबलावर बसून तिच्याच डब्यातलं अर्धं खायचे.

मग नवी यंत्रणा आली. जुन्या तारखा नव्यात ओतताना ठेकेदाराच्या क्वेरीने पहिला आकडा महिना धरला, दुसरा दिवस. आपण लिहितो नेमकं उलट. बाई नोकरीला लागली पंचवीस जूनला. पंचविसावा महिना कुठून आणणार? क्वेरी अडली, तारीख हाताने नीट भरली गेली. हे साहेब महाशय त्याच वर्षी एक डिसेंबरला लागलेले. ते बिनबोभाट बारा जानेवारीचे झाले, ज्येष्ठता यादीत बाईच्या वर सरकले आणि वरिष्ठांची खुर्ची मिळवून बसले.

बाई तक्रार घेऊन गेली.

"बाई, यंत्रात आहे तेच खरं," साहेब दात कोरत म्हणाले. "जळफळाट बरा नव्हे."

पुढे बाकीचे कर्मचारीही कुरकुरायला लागले. कुणाची बढती लांबली, कुणाची रजा बुडाली. साहेबांना नमतं घ्यावं लागलं.

"करा सगळ्यांच्या तारखा सरळ. माझ्या नोंदीला मात्र हात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं, साहेब."

बाईने क्वेरी लिहिली. सगळ्यांना सरळ कर, हा एक सोडून. तिची स्वतःची निवृत्ती ऑगस्टमध्ये, साहेबांची त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे त्या खुर्चीला तिचा पदर कधी लागणारच नव्हता.

आणि त्या वर्षीच्या मार्चमध्येच साहेबांच्या टेबलावर निवृत्तीचा आदेश येऊन पडला. साहेब धावतच तिच्या खोलीत.

"अहो, माझा जन्म तीन नोव्हेंबरचा! हे अकरा मार्च कुठून आलं?"

"यंत्रात आहे तेच खरं ना, साहेब?"

"बाई, चेष्टा पुरे. दुरुस्त करा."

"करते की. पण नोंद उघडली की दोन्ही तारखा सरळ कराव्या लागतील, जन्माची आणि नोकरीची. मग इतकी वर्षं त्या खुर्चीत कोण बसायला हवं होतं, ते वरचे विचारतील. उघडू?"

साहेब आल्या पावली परत फिरले. निरोपाच्या दिवशी सर्वात मोठा हार बाईनेच आणला होता, आणि घातलाही तिनेच, दोनदा. फोटो नीट आला नाही म्हणे.

एप्रिल ते ऑगस्ट खुर्चीत बाई बसली. शेजारच्या टेबलावरच्यांनी डबा स्वतःचा आणायचा, हा तिचा पहिला आदेश.

आता खरं सांगतो. बाईने साहेबांची तारीख फिरवली नाही. त्यांच्या हुकमाप्रमाणे तिने त्या नोंदीला हातच लावला नाही. त्यांची जन्मतारीखही उलटली आहे, हे तिला क्वेरी लिहितानाच दिसलं होतं. ती बोलली नाही.