सात जणांचा फळा

अड्यारच्या ऑफिसात आमची सात जणांची टीम होती. रोज सकाळी फळ्यासमोर उभं राहून आम्ही आपापल्या कामाच्या चिठ्ठ्या पुढे सरकवायचो. माझ्या शेजारी अक्का असायच्या, तंजावरच्या जुन्या मराठी घरातल्या. तमिळ हेल काढत त्या हळूच विचारायच्या, "डब्यात काय आणलंस गं?" पुणं सोडून इथे तमिळ मुलखात आल्यावर दिवसभरात कानावर पडणारं तेवढंच मराठी.

मग कंपनीनं हीच पद्धत चार देशांतल्या सगळ्या टीमना लावली. आमची टीम फुटली. अक्का पोलंडवाल्यांच्या टीममध्ये गेल्या, तांबरमच्या घरूनच काम करू लागल्या. फळा स्क्रीनवर गेला.

तिमाही नियोजनाच्या बैठकीत स्क्रीनवरच्या शेकडो चौकोनांत मी त्यांना शोधायचे. एकदा दिसल्या. त्यांचं काम आमच्यामुळे अडलं होतं. त्यांनी इंग्रजीत आमचं काम संपायची तारीख विचारली, मी इंग्रजीत सांगितली, बैठक पुढे सरकली.

राहवेना, म्हणून नंतर फोन लावला.

"तारीख चुकली की काय?" त्या घाबरल्या.

"नाही अक्का. तुमचं मराठी ऐकायचं होतं."

अक्का म्हणाल्या, "रविवारी घरी ये. माझी मुलंही आता तमिळच बोलतात."