नायकाचा तोल

आमच्या संगीत मंडळीनं शेवटचं नाटक बसवलं तेव्हा मी जालन्यातल्या एका मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझी मुलगी नुकती धरून धरून चालायला लागली होती. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गाणं मी लहानपणी अंबडला शिकले होते. लग्नानंतर ते स्वयंपाकघरापुरतं उरलं. त्यामुळं गावातल्याच मस्तगड भागातले काका एका दुपारी घरी येऊन नायिका करशील का, असं विचारून बसले, तेव्हा मी नवऱ्याकडं पाहिलं. तो एका औषधाच्या दुकानात नोकरीला होता. कमी बोलणारा माणूस. तो म्हणाला, "हे एक कर. मंग बस."

काका म्हणजे आमचे दिग्दर्शक. तरुणपणी त्यांनी गावोगाव फिरणाऱ्या नाटक कंपनीत बायकांच्या भूमिका केल्या होत्या, नंतर शाळेत मास्तरकी केली, आणि निवृत्त झाल्यावर घरातल्या पुढच्या खोलीत ही मंडळी धरून ठेवली होती. आता ती सुटत चालली होती. गावात व्हिडिओ आला होता. आमचा चांगला तबलजी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गेला. मागच्या दोन प्रयोगांना खुर्च्या भरल्या नव्हत्या. काका उघड बोलत नसत, पण हे नाटक पडलं तर पुढचं होणार नाही हे त्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

नाटक जुनं, आजोबांच्या पिढीनं तोंडपाठ केलेलं. राजकन्येच्या बागेत माळ्याचा वेष घेऊन राहिलेला राजपुत्र, आणि त्याच्या गाण्यावरून त्याला ओळखणारी ती. सगळा भार नायकाच्या गळ्यावर. तो गळा आमच्याकडं होता, एवढीच काय ती जमेची बाजू. आष्टीचे एक प्राथमिक शिक्षक दर शनिवारी शाळा सुटली की एसटीनं जालन्याला यायचे आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जायचे. आम्ही सगळे त्यांना गुरुजी म्हणायचो. सडसडीत बांधा, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, बोलताना आवाज खाली. पण गायला लागले की रस्त्यावरची माणसं काकांच्या खिडकीशी थांबायची. पहिल्या तालमीत त्यांनी माझ्यासमोर उभं राहून पद म्हटलं आणि मी माझं पुढचं वाक्य विसरले. काका हसले. म्हणाले, असंच विसर प्रयोगात, लोकांना खरं वाटंल.

महिनाभर सगळं नीट चाललं. मग एका रात्री जेवताना नवरा म्हणाला, "तुमचा तो हिरो आमच्या दुकानातून इंजेक्शनं नेऊन राह्यला. छातीची."

मी घास खाली ठेवला. कोणती छातीची, हे त्या काळी कुणी उघड विचारत नसे; क्षयाचं नाव कुणी तोंडावर आणत नसे. तो पुढं म्हणाला, "तुझ्या तोंडासमोर उभा राहून गातो तो. अन् घरात लेकरू हाय."

त्या रात्री मी मुलीला वेगळं निजवलं. दुसऱ्या दिवशी शाळेतून अर्धी रजा घेऊन आमच्या डॉक्टरांकडं गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की औषध बराबर चालू असेल आणि काही आठवडे होऊन गेले असतील, तर दुसऱ्याला लागण होण्याची भीती फार राहत नाही. मला ते पटलं, आणि पटलं नाहीसुद्धा. तालमीत मी पाऊलभर मागं सरकून उभी राहायला लागले. प्रेमाच्या प्रवेशात मान वळवून दम रोखायचे. काका चिडायचे, नायिका नायकाकडं पाहतच नाही म्हणायचे. गुरुजींनी एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि त्यांना कळलं की मला कळलंय. त्यानंतर ते स्वतःच लांब उभे राहू लागले आणि खोकला आला की खोलीबाहेर जायचे. मला याची फार लाज वाटायची. पण घरी गेले की पहिल्यांदा साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच मुलीला उचलून घ्यायचे.

पुढं त्यांचा तोल जायला लागला. सुरुवातीला आम्हाला वाटलं पाय अडखळला. पण ते पाय फाकवून चालू लागले, वळताना भिंतीला हात लावू लागले. संध्याकाळी अंधारून आलं की जास्त. एकदा पायरीवरून घसरले आणि सारथ्याचं काम करणारा मुलगा हळूच म्हणाला, गुरुजी घेऊन येतात वाटतं. झालं. तेवढं वाक्य पुरलं. दोन तालमींनंतर काकांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, की दारू पिऊन माझ्या घरात येतोस का. गुरुजी खाली मान घालून उभे राहिले. नाही म्हणाले नाहीत. काका म्हणाले, पुन्हा दिसलं तर नाटक बंद करीन पण तुला उभा करणार नाही.

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो लगेच म्हणाला की हे दारूचं नाही, त्या इंजेक्शनाचं असू शकतं. काहींना ते सोसत नाही, तोल जातो, कान जातो. डॉक्टरांना ताबडतोब सांगायला पाहिजे. पुढच्या रविवारी मी गुरुजींना गाठायला एसटी स्टँडवर गेले. बाकड्यावर बसले होते. मी नवऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज केव्हाचाच येतोय, म्हणाले. ऑर्गनच्या वरच्या पट्ट्या आता ऐकू येत नाहीत.

"मंग डॉक्टरला सांगा ना, गुरुजी."

"सांगितलं तर ते इंजेक्शन बदलतील अन् पडून राहा म्हणतील. नाटक गेलं मंग."

"नाटकाचं काय घेऊन बसलात?"

ते समोरच्या गाडीकडं बघत म्हणाले, "बाई, गावात कळलं तर माझं पाणी वेगळं ठेवतील. लेकरांना माझ्या वर्गात बसू देणार न्हाईत. दारुडा म्हणलेलं चालंल मला. दारुड्याला लोक घरात घेतात." मग म्हणाले, "बरा झालो तरी ही छाती पुन्हा गाईल का, हे कोण सांगणार? एवढं एक होऊ द्या. मंग मी स्वतः जाईन डॉक्टरकडं."

मी खूप विनवलं. शेवटी त्यांची गाडी लागली. त्यानंतर नवऱ्यानं आपल्या परीनं प्रयत्न केला. दुकानात माल आलेला नाही असं सांगून त्यांना इंजेक्शन देईना, आधी डॉक्टरांना भेटा म्हणाला. गुरुजी भांडले नाहीत. त्यांनी गाडीच्या वाटेवर परतूरला दुसरं दुकान शोधलं.

आता हे ओझं माझं एकटीचं झालं. काकांना सांगावं तर गुरुजींचा विश्वास मोडतो, नाही सांगावं तर एक माणूस आमच्या डोळ्यांदेखत बहिरा होतोय. मी अर्धवट मार्ग काढला. आमचे ऑर्गनवाले रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, गोष्ट पोटात ठेवणारे. त्यांना सांगितलं. ते म्हणाले, पट्टी उतरवू, खालचे सूर जोरात धरू, ते त्याला ऐकू येतील. तालमीत आमच्या ध्यानात आलं की गुरुजी पद बरोबर उचलतात, कारण सूर त्यांच्या आठवणीत आहे. पण पुढं हळूहळू खाली घसरतात आणि त्यांना ते समजत नाही. मग मी त्यांचं मनगट धरायला लागले. अंगठा वर दाबला की चढा, खाली दाबला की उतरा. ज्या माणसाच्या श्वासाला मी भीत होते त्याच्याच नाडीवर बोट ठेवून मला गावं लागत होतं.

काकांना हे बिलकुल आवडलं नाही. त्यांनी मला एकीकडं घेतलं. "पोरी, शेवटच्या अंकापर्यंत ही दोघं एकमेकांना शिवत न्हाईत. सगळी गोडी त्यातच हाय. तू तर पहिल्याच पदाला हात धरलास."

मी म्हणाले, मला भीती वाटते, हात धरल्याशिवाय माझ्यानं गाणं होत नाही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. चार दिवसांत ही गोष्ट मंडळीतून बाहेर पडली. शाळेच्या स्टाफरूममध्ये मी आत आले की बोलणं थांबायचं. नवऱ्याला कारण माहीत होतं; तरी त्यालाही कुणीतरी दुकानात येऊन काहीतरी ऐकवलं असावं. तो आधीपेक्षाही कमी बोलू लागला.

प्रयोग रविवारी दुपारी ठेवला होता, कारण संध्याकाळी लाइट जायची. हॉलच्या खिडक्यांना काळं कापड लावलं होतं. आत उकाडा. बऱ्याच खुर्च्या भरल्या. आष्टीहून एक टेम्पो भरून माणसं आल्ती, गुरुजींच्या घरची माणसं पुढच्या रांगेत. नवरा मुलीला मांडीवर घेऊन मधोमध बसला होता. विंगेत गुरुजी माळ्याचं मुंडासं बांधून घेत होते. रंगाखालीही चेहरा पिवळा दिसत होता. मी विचारलं, ऐकू येतंय का. त्यांनी माझ्या ओठांकडं पाहून मान हलवली. म्हणजे ते ओठ वाचून राह्यले होते.

पहिला अंक निभावला. लोकांनी एक पद पुन्हा म्हणायला लावलं. गुरुजींना ते समजलं नाही. मी मनगट दाबून इशारा केला तेव्हा ते वळले आणि तेच पद पुन्हा गायले. मला वाटलं, होईल. देवा, होऊन जाऊ दे.

दुसऱ्या अंकात त्यांचं एकट्याचं पद होतं. मी विंगेत, ते समोर. मध्यावर सूर खाली यायला लागला. ऑर्गनवाले त्यांच्यामागं खाली आले, पुन्हा वर खेचायला बघू लागले, पण खेचायला तिकडं कान लागतो. मी विंगेतून हात वर करत होते. त्यांचं तोंड लोकांकडं. डोळे मिटून ते शेवटपर्यंत त्याच घसरलेल्या सुरात गात राहिले, मन लावून, तान न चुकवता. हॉलमध्ये कुठंतरी हसू फुटलं. आष्टीची माणसं टाळ्या वाजवत होती.

तिसऱ्या अंकात चांदण्याचा प्रवेश. दिवे मंद झाले, निळा कागद लागला, आणि गुरुजी माझ्याकडं येता येता बाजूला कलले. मी धावले. हात पोचायच्या आत ते पुठ्ठ्याच्या कमानीवर आडवे झाले आणि सगळी बाग त्यांच्या अंगावर आली. मागून कुणीतरी ओरडलं, उतरवा त्या बेवड्याला. पडदा ओढला गेला.

काका तावातावानं आले. त्यांचा हात वर गेलेला मी पाहिला. मी दोघांच्या मध्ये उभी राहिले आणि सगळं बोलून टाकलं. छाती, इंजेक्शन, कान, तोल. सगळ्यांसमोर. मुकुट बांधणारे, भालदार, सारथी, सगळे ऐकत होते. काका तिथंच पेटीवर बसले. गुरुजींना शब्द ऐकू आले नसतील, पण लोकांचे चेहरे त्यांना दिसले. एकजण नकळत दोन पावलं मागं सरकला, तेही दिसलं. ते मला म्हणाले, "सांगितलं तुम्ही?"

मी हो म्हणाले.

मग काका उठले, गुरुजींच्या जवळ गेले आणि स्वतःच्या उपरण्यानं त्यांच्या कपाळावरचं रक्त पुसलं. त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "बसून म्हणशील का?"

पडदा पुन्हा उघडला तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. दिवे सगळे लावलेले, बाग नाही, चांदणं नाही. एका स्टुलावर अंगरखा चढवलेला राजपुत्र, शेजारी मी त्यांचं मनगट धरून. लग्नाचं पद झालं. सूर माझा एका ठिकाणी, त्यांचा दुसऱ्या. मी त्यांच्याकडं यायचा प्रयत्न केला, ते माझ्याकडं; सूर काही जुळला नाही. पुढच्या रांगेत त्यांची आई पदर तोंडाला लावून बसली होती. मधोमधली नवऱ्याची खुर्ची मोकळी होती. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेल्ता. नंतर कळलं की तो रिक्षा आणायला गेल्ता. गुरुजींना तो तशाच रंगलेल्या चेहऱ्यानं, राजपुत्राच्या अंगरख्यात, दवाखान्यात घेऊन गेला.

इंजेक्शन त्याच दिवशी बंद झालं. गोळ्या पुढं वर्षभर चालल्या. छाती सुधारली. कान सुधारले नाहीत, तोलही पुरता परतला नाही. मंडळी पुन्हा जमली नाही. काका त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. मी पुन्हा नाटकात उभी राहिले नाही. नवऱ्यानं अडवलं म्हणून नाही. मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारलं असतं तर माझ्यात बळ नव्हतं.

बऱ्याच वर्षांनी एका लग्नासाठी आष्टीला गेले होते, तेव्हा बाजारात गुरुजी भेटले. अंग भरलं होतं, केस पिकले होते. शाळेनं त्यांना काढलं नव्हतं. ऑफिसचं काम दिलं होतं, आणि तालुक्यात त्यांच्यासारखं हजेरीपुस्तक कुणाचं नसे, असं त्यांचे सोबती सांगत होते. त्यांनी मला लगेच ओळखलं आणि मोठ्यानं, फारच मोठ्यानं विचारलं, "बाई, कधी आल्त्या?" भाजीवाल्या वळून बघायला लागल्या. स्वतःचा आवाज किती मोठा येतो हे त्यांना कळत नव्हतं. मला त्यांना विचारायचं होतं, की मी त्या दिवशी सांगितलं त्याचा राग आहे का, आणि कधी एकटे असताना गाता का. पण हे ओरडून कसं विचारणार? मी मुलीचं शिक्षण कुठवर आलं ते ओठ स्पष्ट हलवून सांगितलं. त्यांनी त्यांच्या मुलाला नोकरी लागल्याचं सांगितलं. घरी चहाला चला म्हणाले. मी गेले. वाटेत रस्ता खडबडीत होता आणि उन्हं उतरली होती, तेव्हा न विचारता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि आम्ही तसेच हळूहळू चालत त्यांच्या घरी गेलो.