मागच्या सीटवर कोणी नव्हतं

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं मी आता नावगावासकट विसरलो आहे, आणि त्याचं मला वाईटही वाटत नाही. हे एक मात्र जात नाही. बायको गेली, मुलगी तिच्या घरी सुखात आहे. संध्याकाळी टीव्ही बंद केला की घरात बोलायला कोणी नसतं, आणि नेमकं तेव्हाच हे प्रकरण समोर येऊन बसतं. नावं लिहिणार नाही. ज्यांचं आहे त्यांना कळेल, बाकीच्यांनी उगीच चौकशा करू नयेत.

तेव्हा मी गगनबावडा रोडवरच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळी होऊन गेली होती, उसाचा हंगाम सुरू झाला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा खाऊन टाकल्या होत्या आणि खड्डे तर विचारूच नका. दुपारी ठाण्यात फोन आला की रस्त्यावर एक बाई पडली आहे, डोक्याला मार आहे. आम्ही पोचलो तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं. भोवती गर्दी होती, आणि तिच्याजवळ मांडी घालून नवरा बसला होता. डोक्यावर हेल्मेट तसंच. मी सांगितलं तेव्हा त्यानं ते काढलं आणि मांडीवर धरून बसला.

माणूस दूधवाला होता. उचगावच्या पलीकडे घर, गोठ्यात म्हशी, आणि मंगळवार पेठेत सकाळचा रतीब. गाडी मोटरसायकल, मागे कॅन अडकवायला लोखंडी कड्यांची चौकट. बायकोला माहेराहून घेऊन संध्याकाळच्या धारेआधी घरी निघाला होता. त्याचा जबाब सरळ होता. खड्डा आला, गाडी उडाली, ती मागून पडली, मी लगेच थांबलो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामे झाले, शवविच्छेदन झालं, प्रेत नातेवाइकांच्या ताब्यात दिलं. गाडी ठाण्याच्या आवारात लावून घेतली. मोटार वाहन निरीक्षकांनी येऊन ब्रेक, दिवे, टायर तपासले. सगळं ठीक होतं.

दिवस-कार्य उरकलं आणि बाईचा भाऊ चार माणसं घेऊन ठाण्यात आला. आवाज चढलेला, पण बोलणं मुद्द्याचं. त्याचं म्हणणं असं, की माझा मेव्हणा जन्मात कधी हेल्मेट घालत नाही, मग त्याच दिवशी बरं घातलं? हा मुद्दा मला टोचला. आमच्या कोल्हापुरी माणसाचं आणि हेल्मेटचं जमत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे हेल्मेट आरशाला अडकवायची वस्तू आहे. पुढे पोलीस दिसला तर डोक्यावर येतं, पोलीस मागे पडला की पुन्हा आरशावर. दूधवाल्याचं तर आरशावरही नसायचं, घरात खुंटीला असायचं. त्या दिवशी ते त्याच्या डोक्यावर होतं, त्याला खरचटलंही नव्हतं, आणि बायको उघड्या डोक्यानं मागे.

दुसरा मुद्दा भांडणाचा. बाईला स्कूटर हवी होती. साडीत मोटरसायकलवर एका बाजूला बसायचं म्हणजे जीव मुठीत धरावा लागतो, स्कूटर असली तर मी माझी चालवीन, माहेरी येईन-जाईन, पुढे पिशवी ठेवायलाही जागा असते, असं तिचं म्हणणं. नवऱ्याचं म्हणणं, स्कूटरला दुधाचे कॅन लागत नाहीत, चाकं बारकी, आपल्या रस्त्याला टिकायची नाही, आणि घरात दोन दोन गाड्या कशाला. आता दोघांचंही खोटं होतं का? नव्हतं. पण भांडण महिनाभर चाललं होतं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडपाठ झालं होतं. भावाला वाटत होतं, की त्यानं रागाच्या भरात तिला मारलं आणि अपघाताचा बनाव केला.

बरोबर बाईची आई होती. बाकावर पदर डोक्यावर घेऊन बसली होती. एक शब्द बोलली नाही, दिलेलं पाणी प्यायली नाही. दूधवाल्याला आईवडील नव्हते, मूलबाळ नव्हतं. सासरवाडी हेच त्याचं गणगोत, आणि तेच आता त्याच्यावर खुनाचा आळ घेऊन माझ्यासमोर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदारानं एक फोन घेतला. नाव सांगायला तयार नसलेला माणूस एवढंच म्हणाला, की दूधवाला एकटाच पुढं गेलता, गुऱ्हाळावर विचारा. गुऱ्हाळ त्या जागेच्या बरंच पुढे, कोल्हापूरच्या बाजूला आहे. मी स्वतः गेलो. गुऱ्हाळाच्या मालकानं मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं, की साहेब, आम्ही आपले कामात, रस्त्याकडं कोण बघतंय. न विचारता ‘बघितलं नाही’ म्हणणाऱ्यानं हमखास बघितलेलं असतं. मी खाटेवर बसलो, रस प्यायलो, गरम गूळ खाल्ला, यंदाच्या गुळाच्या उताऱ्याची चौकशी केली. मग त्याचं तोंड सुटलं. दूधवाला एकटाच गाडीवरनं गेला, थोडं पुढे जाऊन थांबला, मागे वळून बघितलं, आणि तसाच बघत राहिला. मग गाडी फिरवून वाऱ्यासारखा परत गेला.

म्हणजे लगेच थांबलो हे खोटं. आता माझ्या ठाण्यातल्या सगळ्यांचीच खात्री पटली होती. पडली नाही, पाडली, आणि पळाला, पुढे जाऊन अक्कल आली म्हणून परतला. गुन्हा कागदावर छान बसत होता. पण जे फार छान बसतं त्याची मला नेहमीच धास्ती वाटत आली आहे.

त्याला चौकशीला बोलावलं. सकाळचा रतीब घालून आला होता. अंगाला दुधाचा वास, दाढी वाढलेली. मी आरडाओरडा करणारा अधिकारी नव्हतो. ओरडलं की माणूस आपल्या भीतीला उत्तर देतो, आपल्या प्रश्नाला नाही. पुन्हा पुन्हा तेच विचारलं, त्यानं पुन्हा पुन्हा तेच सांगितलं. लगेच थांबलो. मग मी गुऱ्हाळाचं नाव काढलं.

त्यानं फरशीकडे बघितलं. मग म्हणाला, “मीच मारलं तिला. तसं लिवा.”

हवालदारानं पेन उचललं. मी त्याला हातानं थांबवलं. ‘मीच मारलं’ हे वाक्य मी नोकरीत पुष्कळ ऐकलं. ते पोर विहिरीत पडलेल्या बापाच्या तोंडी असतं, दवाखान्यात न्यायला उशीर झालेल्या लेकाच्या तोंडी असतं. खरा मारणारा सुरुवात दुसरीकडूनच करतो. मी विचारलं, कशानं मारलं? कुठं? त्याला सांगता येईना. मग विचारलं, की बाबा रे, तू कधी हेल्मेट घालत नाहीस, त्या दिवशी का घातलंस?

त्यानं वर बघितलं. हा प्रश्न त्याला अपेक्षित नसावा.

“बोलायला नगं म्हनून घातलं,” तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. हेल्मेट बायकोनंच आणून दिलं होतं, आणि ते घाल म्हणून ती कायम मागे लागायची. अपघाताच्या दोन दिवस आधी तिला माहेरी सोडायला जाताना तिनं ते बळंच बरोबर दिलं होतं, ते तेव्हापासून गाडीलाच अडकवलेलं होतं. परत निघताना स्कूटरवरून पुन्हा ठिणगी पडली. सासूसमोर बोलता येईना, म्हणून दोघंही तोंड फुगवून गाडीवर बसले. रस्त्यात ती मागून पुन्हा विषय काढेल, म्हणून यानं हेल्मेट डोक्यात घातलं. कान बंद झाले. मागे रिकाम्या कड्यांचा खडखडाट. ती बोलली नाही, हाही बोलला नाही. मध्ये गाडीला एक हिसका बसला, त्याला वाटलं खड्डा असेल. गुऱ्हाळाच्या पुढे त्याला वाटलं, की पुरे आता, गूळ घेऊ, तिला गरम गूळ आवडतो, तेवढंच बोलणं सुरू होईल. थांबून मागे वळला तर सीट मोकळी.

“सायेब, बायकू मागनं पडली आनि मला पत्ता न्हाय, हे कुनाला सांगू? तिच्या आईला सांगू?” एवढं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. मला भरून आलं. हवालदार खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पण पोलीस अधिकाऱ्याला भरून येऊन चालत नाही. गोष्ट खरी वाटणं वेगळं आणि शाबीत होणं वेगळं. चालत्या गाडीवरून धडधाकट बाई आवाजही न करता पडते कशी, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. मी मुद्देमालातलं तिच्या कपड्यांचं सीलबंद पाकीट पंचांसमोर उघडायला लावलं. आमच्या महिला हवालदारानं साडी टेबलावर पसरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला आणि म्हणाली, “सर, पदराचं टोक न्हाय हिला.” पंचनाम्यात नुसतं ‘साडी फाटलेली’ असं लिहिलं होतं. रस्त्यावर घासली असेल म्हणून कोणी विचार केला नव्हता. मग उरलेला पदर कुठे गेला? घटनास्थळी नव्हता, दवाखान्यात नव्हता.

मी आवारात गाडीपाशी गेलो. मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला हात घातला तर हात सरळ आऱ्यांपर्यंत गेला. नवी मोटरसायकल घेतली की तिथं एक जाळी असते, साडी गार्ड म्हणतात तिला. मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात जाऊ नये म्हणून. या गाडीला तिच्या बोल्टांच्या भोकांवर कॅनची चौकट होती, जाळी नव्हती. माझ्या लक्षात आलं. दुधाच्या कॅनची चौकट त्याच भोकांवर बसते. चौकट लावायची तर गार्ड काढावं लागतं. जिल्ह्यात सकाळी रस्त्यावर उभं राहा, दूधवाल्यांच्या गाड्या बघा, गार्ड दिसणार नाही. आणि त्याच गाडीवर दुपारी बायको बसते. सुरुवातीला माणूस तिच्यासाठी चौकट काढून गार्ड लावतो, नंतर कंटाळा करतो. कोणी मुद्दाम करत नाही.

निरीक्षकांना पुन्हा बोलावलं. पंचांसमोर चेनचं कव्हर काढलं, चाक उतरवलं. आत, चाकाच्या दांड्याभोवती, ग्रीसमध्ये काळा झालेला पदर पिळा घालून बसला होता. महिला हवालदारानं थोडं पुसलं तेव्हा खाली साडीचाच हिरवा रंग निघाला.

दूधवाला तिथंच उभा होता. त्यानं तो तुकडा बघितला. पहिल्या वर्षी गार्ड मीच बसवत होतो, असं काहीतरी पुटपुटला. मग मला विचारलं, “सायेब, हाक मारली आसंल का तिनं?”

मी त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सांगितलं, की डोकं आपटल्याबरोबर शुद्ध गेली असणार. त्याच्या आधीचं मला माहीत नव्हतं.

खुनाचा संशय फिटला. निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करावा लागला, तो मी केला, त्यानंही नाही म्हटलं नाही. आता रिटायर झाल्यावर गल्लीतले लोक मला विचारतात, की साहेब, तुम्ही वाहतूक शाखेतही होता, पोराला स्कूटर घेऊ का मोटरसायकल? ॲव्हरेज विचारतात, इंजिनाची ओढ विचारतात. मी उलट विचारतो, मागे कोण बसणार आहे? कसं बसणार आहे? ते आधी ठरवा, मग शोरूमला जा. हेल्मेट एक घेणार असाल तर घेऊच नका, दोन घ्या. लोकांना वाटतं म्हातारा तिरसट आहे. असू दे. आणि नव्या अधिकाऱ्यांना एक सांगतो. माणूस खोटं बोलतोय हे कळलं म्हणजे तपास संपला असं समजू नका. माणसं गुन्हा लपवायला जेवढं खोटं बोलतात त्याहून जास्त लाज लपवायला बोलतात, आणि त्या लाजेपायी फासावर जायलाही तयार होतात.

चाक उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भावाला आणि आईला बोलावलं होतं. तपासात काय निघालं ते मीच सांगायला सुरुवात केली, तर दूधवाला उठून उभा राहिला. म्हणाला, मी सांगतो. सासूच्या पायाशी खाली बसला आणि सगळं सांगितलं. गार्ड, हेल्मेट, हिसका, गुऱ्हाळ. “मामी, ती पडली आनि मी तसाच फुडं गेलो. मला कळलं न्हाय,” म्हणाला, आणि मान खाली घातली. भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा होता. बाहेर वायरलेसवर कसला तरी संदेश चालला होता.

म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं. इतक्या दिवसांत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“पावनं, माझी पोर रुसली की दोन दोन दीस बोलायची न्हाय. न्हानपनापास्नं तशीच. मागं बसलीया का गेलीया, तुमास्नी कसं कळनार?”

तो मान वर करेना. तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून आधार घेतला आणि बाकावरून उठली.

“उठा,” म्हणाली. “धारंची येळ झाली. मीबी येते संगं.”